चिडाची चीड

गेल्या रविवारी धाकट्या लेकीचा अल्मोड्याहून फोन आला. जावई मूळचे कुमाऊंचे. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून ही मंडळी त्यांच्या वडिलोपार्जित घरी राहायला गेली, हे घरच्या वाचकांना ठाऊक आहेच. घरामागे चिडाचं एक जुनं, उंच झाड आहे. चीड म्हणजे तिकडचा पाइन, सुईसारख्या लांब पानांचा. लेकीने यंदा त्याच्याखाली वाफा करून टोमॅटो लावले. रोपं वीतभर वाढली आणि थांबली. चार फुलं आली तीही गळाली. "बाबा, ह्याची पानं जमीन आंबट करतात असं सगळे सांगतात. तोडूनच टाकावं म्हणतोय आम्ही." थोडक्यात, माझ्या लेकीला चिडाची चीड आली आहे.

मी 'बघू' म्हणून फोन ठेवला. पस्तीस वर्षं फळ्यासमोर उभं राहून बोलायची सवय, फोनवर माझं धड बोलणं होत नाही. म्हणून इथे लिहितो. मत आधीच सांगून टाकतो: झाड तोडू नये, टोमॅटो हलवावेत.

आधी तो आंबटपणाचा मुद्दा. चिडाची ताजी पानं आम्लधर्मी असतात हे खरं. पण ती कुजतात तेव्हा मातीत फार फरक पडत नाही. पाइनची जंगलं बहुतेक वेळा मुळातच आम्लधर्मी, हलक्या जमिनीवर असतात, आणि लोक दोष पानांना देतात. टोमॅटोचं खरं दुखणं निराळं आहे. त्याला रोज सहा ते आठ तास उघडं ऊन लागतं, आणि तिथे आहे सावली. शिवाय वरच्या थरातलं पाणी आणि खत त्या मोठ्या झाडाची मुळं आधीच ओढून घेतात. पाहुण्याने पंगतीत यजमानाच्याच ताटात हात घालावा, तसा प्रकार!

टोमॅटो हे लाडावलेलं पोर आहे. आमच्या जुन्नर-नारायणगावच्या बाजूला ज्यांनी टोमॅटोचं पीक काढलंय त्यांना विचारा. पंचवीस-तीस दिवस रोपवाटिकेत, मग लागवड, मग बांबू, तार आणि सुतळी. आधार दिला नाही तर फळ जमिनीला टेकून सडतं. पाणी कमी पडलं तर रोप मान टाकतं. चार दिवस कोरडं ठेवून एकदम भरपूर पाणी दिलं तर फळं तडकतात. पाण्याचा मेळ बसला नाही की चुना, म्हणजे कॅल्शियम, फळापर्यंत पोचत नाही आणि फळाचा बूड काळा पडतो. पांढरी माशी आली की पानं आकसतात, ढगाळ हवा आली की करपा. त्याच जागी दरवर्षी लावायचं नाही, बटाट्या-वांग्याच्या मागून तर नाहीच, कारण रोग घरातलेच. एवढं करून २०२३ सालासारखं व्हायचं : जुलैत किलोला शंभरच्या वर भाव, आणि सप्टेंबरात माल रस्त्यावर ओतायची पाळी. पण एक गुण मात्र मोठा. टोमॅटो चुका माफ करतो. रोप लांबुडकं झालं तर देठ मातीत खोल गाडा, त्या देठालाच मुळं फुटतात. मोडलेली फांदी पाण्यात ठेवली तरी जगते. आणि अडीच-तीन महिन्यांत तुमच्या कष्टांचा जबाब हातात देतो.

चिडाचं ह्याच्या उलट. त्याला आपण काही दिलेलं फारसं चालत नाही. बुंधा मातीत खोल गाडला तर गुदमरतो, मुळांशी पाणी साचलं तर कुजतो, खताची त्याला गरज नाही. शंकू पिकायलाच दोन वर्षं घेतो. रोपटं सुरुवातीची काही वर्षं गवताच्या झुबक्यासारखं बसून राहतं. वर काही दिसत नाही, काम खाली मुळांत चाललेलं असतं. त्या मुळांशी एक बुरशी राहते. तिचे बारीक तंतू दूरवरून पाणी आणि स्फुरद आणून देतात, बदल्यात झाडाकडून साखर घेतात. ही सोबत नसेल तर पाइन धरतच नाही. पोर्तो रिको बेटावर पाइन लावायचे प्रयत्न वर्षानुवर्षं फसत होते. १९५५ मध्ये बाहेरच्या पाइनच्या जंगलातली माती आणून मुळांशी घातली, तेव्हा कुठे रोपं वाढली.

हे मला फार उशिरा कळलं. १९९८ च्या मे महिन्यात आम्ही दोघं राणीखेतला गेलो होतो. तिथून चिडाचं एक रोप मी हौसेने उपटून आणलं. बॅगेतल्या कपड्यांना माती लागू नये म्हणून नळाखाली मुळं अगदी स्वच्छ धुतली! पुण्यात आल्यावर कुंडीत शेणखत घालून लावलं आणि रोज दोन तांबे पाणी. गॅलरीतल्या टोमॅटोला घालत होतोच, त्याच हाताने ह्यालाही. पावसाळ्यात ते पिवळं पडलं, मग तांबूस. मी आणखी खत घातलं. पंधरा ऑगस्टला शाळेतून झेंडावंदन करून आलो तर हिने कुंडी रिकामी करून ठेवली होती. "तुम्ही बुडवलंत त्याला," एवढंच म्हणाली. पुण्याची हवा हेही एक कारण असेल. पण मी काळजी घेत होतो असं मला खरोखर वाटत होतं, ते आठवलं की अजून शरम वाटते. वर्गातली एक-दोन मुलंही आठवतात. असो.

आता दुसरी बाजू. विहीणबाई म्हणतात, "चीड कशाला हवा, बांज असता तर पाणी तरी धरलं असतं." बांज म्हणजे तिकडचा ओक. त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. डिंकासाठी आणि रेल्वेच्या स्लीपरसाठी इंग्रजांनी चिडाची जंगलं राखली, लोकांच्या चाऱ्या-सरपणावर निर्बंध आणले, आणि १९२१ मध्ये कुमाऊंच्या लोकांनी तीच जंगलं पेटवून दिली. चिडाची वाळलेली पानं, तिकडे त्यांना पिरूल म्हणतात, उन्हाळ्यात बारुदासारखी पेट घेतात. २०२४ च्या जूनमध्ये अल्मोड्याजवळ बिनसरच्या जंगलात आग विझवायला गेलेली माणसं होरपळून गेली. तेव्हा घराला लागून चीड असणं ही जोखीम आहेच, आणि हे पुण्यात बसून लिहिणं सोपं आहे हेही मला समजतं.

तरी पण त्यावर उपाय आहे. मार्चपासून पिरूल आठवड्याला गोळा करायचा, छपरावरचा आणि पन्हाळीतलासुद्धा. घराकडे आलेल्या खालच्या फांद्या रीतसर विचारून उतरवून घ्यायच्या. आणि तो पिरूल गोठ्यात गाईखाली अंथरला की पुढे त्याचं खत होतं, हे विहीणबाईंना मी सांगायला नको. थोडा टोमॅटोच्या बुडाशी पसरला तर ओल टिकते, आणि पावसाने चिखल उडून पानांवर रोग चढत नाही. म्हणजे ज्या पानांना आपण शिव्या देतोय तीच टोमॅटोच्या कामाची, फक्त झाडाखाली नव्हे, पुढच्या अंगणात, उन्हात.

तेव्हा बाळ, यंदाची रोपं गेली असं समज. पुढच्या वर्षी थंडीचा कडाका सरला की पुढच्या अंगणात, पायऱ्यांच्या उजवीकडे लाव. तिथे दुपारपर्यंत ऊन असतं, मी पाहिलंय. झाडाचं मात्र विहीणबाई ठरवतील ते. मे महिन्यात अंगण त्या झाडतात, मी नाही.