आधी बैठक, मग उडी

वुशूच्या वर्गात नाव घालण्याआधी दोन-तीन महिने घरीच अंग तयार करावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धांपासून पदकांसाठी खेळल्या जाणाऱ्या या चिनी युद्धकलेत ताओलूमधली, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या सादरीकरणातली, उडी डोळ्यांत भरते, पण गुडघा आत वळला तर दुखावतो तो उतरताना. म्हणून मांडी जमिनीला समांतर ठेवून बैठक धरणं आणि बुटक्या पायरीवरून आवाज न करता उतरणं आधी. नागझिरा अभयारण्याच्या कडेच्या चोरखमाऱ्यासारख्या गावात मॅट नसली तरी यातलं काही अडत नाही. तिथल्या तलावाच्या पाळीवर पळताही येतं (पहाटे रानाची वाट टाळावी, हे सांगायला नको). जोर-बैठकांनी अंग आखडतं हा आक्षेप निम्मा खरा. स्नायूंना ताण न देता शेकड्यांनी मारल्या तर आखडू शकतं. आणि प्रशिक्षक करून घेतीलच म्हणणाऱ्यांनी तासाभरात तीस पोरांचे घोटे कोण पाहणार, ते सांगावं.