संस्काराला धक्का नको, सोबत्याला आधार हवा

विवाह म्हणजे काय, हे सोलापूरला कोणत्याही न्यायालयाने शिकवण्याची आवश्यकता नाही. श्रीसिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह येथे दर वर्षी संक्रांतीच्या यात्रेत लावला जातो आणि त्या अक्षता सोहळ्याला अवघे शहर लोटते. विवाह हा दोन व्यक्तींच्या सोयीचा करार नसून समाजाच्या साक्षीने होणारा संस्कार आहे, हीच भूमिका सरकार्यवाह दत्तात्रेय होसबाळे यांनी मार्च २०२३ मध्ये समालखा येथे मांडली होती. पुढे १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. ९ जानेवारी २०२५ रोजी पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. विषय संपला, असे मानून आपल्यापैकी अनेकांनी निःश्वास सोडला.

विषय संपलेला नाही. त्या याचिकांचे खरे बळ मंगलाष्टकांच्या हौसेत नव्हते. ते एका साध्या प्रश्नात होते. दोघांपैकी एक गेल्यावर मागे राहिलेल्याचे काय?

अमेरिकेचा इतिहास या दृष्टीने डोळ्यांत अंजन घालणारा आहे. एडिथ विंडसर या वृद्धेला सहचारिणीच्या मृत्यूनंतर ३ लाख ६३ हजार डॉलरचा वारसाकर भरावा लागला. विधवा म्हणून सवलत नाकारली गेली. या एका कराच्या पावतीवरून २६ जून २०१३ रोजी तेथील केंद्रीय कायद्यातील विवाहाची व्याख्या कोसळली. बरोबर दोन वर्षांनी, २६ जून २०१५ रोजी, संपूर्ण देशात समलिंगी विवाह लागू झाला. त्या खटल्याच्या मुळाशी मृत्युदाखल्यावर सहचर म्हणून नाव लागावे, एवढीच मागणी होती. आपल्याकडेही वारे त्याच दिशेने वाहत आहेत. पती-पत्नींमधील भेटीला प्राप्तिकरातून मिणारी सूट आम्हालाही द्या, अशी याचिका २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाली. दुःख खरे असते. त्या दुःखाचा पहार म्हणून उपयोग करणारे दुसरेच असतात. पहार हिरावून घ्यायची तर आधी ते दुःख दूर केले पाहिजे.

हा प्रश्न महानगरांतील उच्चभ्रूंचा आहे, हा समज सोडून द्यावा. कुंभारीच्या रे नगरात १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते १५ हजार घरांचे लोकार्पण झाले. विडी कामगार आणि यंत्रमाग कामगारांची ही वस्ती. समजा, अशा एखाद्या घरात दोन अविवाहित स्त्रिया वीस वर्षे एकत्र राहिल्या, दोघींनी विड्या वळून हप्ते फेडले. पण घर एकीच्याच नावावर आहे. ती गेली तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५ नुसार घर तिच्या माता-पित्यांकडे, ते नसल्यास पित्याच्या वारसांकडे, म्हणजे बहुधा भावाकडे जाईल. आजारपणात ज्याने कधी पाऊल टाकले नाही, तो भाऊ तेराव्यानंतर कुलूप घेऊन येईल. हा न्याय आहे काय? याला कुटुंबसंस्थेचे रक्षण म्हणायचे काय?

‘मृत्युपत्र करावे’ हे उत्तर सोपे आहे, परंतु अपुरे आहे. हातावर पोट असणारी स्त्री वकिलाची पायरी क्वचितच चढते. शिवाय मृत्युपत्राने घर देता येते, निवृत्तिवेतन देता येत नाही. भविष्यनिर्वाह निधीच्या १९५२ च्या योजनेनुसार कुटुंब असलेल्या सदस्याने बाहेरच्या व्यक्तीचे नामनिर्देशन केल्यास ते अवैध ठरते. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने समलिंगी सोबत्याला बँक खात्यावर नामनिर्देशित करण्यास आडकाठी नसल्याचे स्पष्ट केले आणि पाठोपाठ शिधापत्रिकेसाठी त्यांना एक कुटुंब मानण्यास सांगितले. ही पावले स्वागतार्हच आहेत. परंतु नामनिर्देशित व्यक्ती ही मालक नसून केवळ विश्वस्त असते, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. रक्कम तिच्या हाती पडते आणि वारस ती परत मागू शकतात.

मग मार्ग कोणता? तो पश्चिमेकडे शोधण्याचे कारण नाही. सोलापूरहून फार दूर नसलेल्या कल्याणीत, चालुक्यांच्या राजधानीत, विज्ञानेश्वरांनी ‘मिताक्षरा’ लिहिली. ज्या याज्ञवल्क्य स्मृतीवर ती टीका आहे, तिच्या वारसक्रमात पत्नी, कन्या, माता-पिता, बंधू आणि गोत्रजांनंतर शिष्य व सहाध्यायी यांनाही स्थान आहे. वानप्रस्थाच्या मागे त्याचा धर्मभ्राता वारस ठरतो. रक्ताचे वा विवाहाचे नाते नसलेल्या सोबतीलाही आपल्या शास्त्रकारांनी हक्क दिला आणि तो देताना विवाहाच्या व्याख्येला स्पर्शही केला नाही. १९५६ च्या कायद्याने ही तरतूद गाळली. आता कोणी वारस नसल्यास मालमत्ता थेट सरकारजमा होते. पुरोगामित्वाच्या नावाखाली आपण किती गमावले, याचा हा एक नमुना.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. घोषित ‘सोबती’ ही स्वतंत्र कोटी उत्तराधिकार, निवृत्तिवेतन व भविष्यनिर्वाह निधीच्या कायद्यांत संसदेने निर्माण करावी. राहत्या घरात हयातभर राहण्याचा हक्क तिला मिळावा. शयनगृहात डोकावण्याची कायद्याला गरज नाही. दोन वृद्ध मैत्रिणी, दोन ब्रह्मचारी मित्र, समलिंगी जोडपे, सर्वांना हाच नियम लागू असावा. वृद्ध माता-पित्यांचा वाटा मात्र अबाधित राहावा. एप्रिल २०२४ मध्ये मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली याच हक्कांच्या विचारासाठी समिती नेमली गेली. तिच्यापुढे हा भारतीय पर्याय आपण ठेवला नाही, तर परका पर्याय ठेवणारे सज्जच आहेत.

जानेवारी २०२३ च्या मुलाखतीत सरसंघचालकांनी, असे लोक समाजात पूर्वापार आहेत आणि त्यांनाही त्यांचे स्थान मिळाले पाहिजे, असे म्हटले होते. कार्यकर्त्यांनी ते वाक्य केवळ वादविवादात उद्धृत करण्यासाठी ठेवू नये. आपल्या वस्तीत असा एकटा पडलेला सोबती असेल, तर कुलूप घेऊन आलेल्या नातेवाइकाला दारातच अडवण्याचे काम आपले आहे. विवाहसंस्काराचे रक्षण करण्याचा अधिकार, निराधाराला बेघर होऊ न देणाऱ्या समाजालाच शोभतो.