मॉडेल बदलून काय होणार?

अनुक्रमावरून रचनेचे भाकीत करणारे अल्फाफोल्ड आल्यापासून एक मत ठासून मांडले जाते: प्रथिनांच्या स्फटिकांचा, विवर्तनात मोजता न येणाऱ्या फेजचा प्रश्न संपला. अनुक्रम टाका, भाकीत रचना घ्या, ती स्फटिकात बसवून पाहणारे मॉलिक्युलर रिप्लेसमेंट चालवा. माढ्यासारख्या गावात बसून लॅपटॉपवर उत्तर मिळेल. न मिळाले तर मॉडेल बदला, तरी न मिळाले तर पुन्हा बदला. माढ्याबद्दल वाद नाही; प्रोग्राम पुण्या-मुंबईचा पत्ता विचारत नाही. वाद त्या ‘बदला’शी आहे. अपयशाचे खापर मॉडेलवर फोडायची ही खोड अल्फाफोल्डच्या आधीची आहे.

मॉडेल चांगले असूनही उत्तर अडते ते पुष्कळदा डेटामुळे, आणि त्यातही स्पेस ग्रुपमुळे, म्हणजे स्फटिकाच्या सममितीच्या प्रकारामुळे. चौपट स्क्रू अक्ष उजवा की डावा, हे विवर्तनातल्या गायब ठिपक्यांवरून कळत नाही. दोन्हींत तेच ठिपके गायब असतात. रेणू फिरवून पाहण्याच्या टप्प्यावरही फरक दिसत नाही. रेणू जागेवर सरकवताना मात्र चुकीच्या पर्यायात उत्तम मॉडेलही बसत नाही. प्रोग्रामला दोन्ही पर्याय तपासायला सांगणे एवढेच काम असते. ते न करता मॉडेलांचा ढीग उपसणाऱ्याच्या चिकाटीला दाद द्यावी, अकलेला नको. ट्विनिंग त्याहून फसवे. स्फटिकाचे जुळे भाग एकमेकांवर असे बसतात की सममिती आहे त्याहून जास्त भासते. तीनपट सममितीचा डेटा सहापट समजून एकत्र केला की असममित एकक निम्मे धरले जाते आणि रेणूला जागाच उरत नाही. मॅथ्यूज यांच्या १९६८ सालच्या हिशेबात द्रावकाचा वाटा अशक्य वाटावा इतका कमी निघाला, तर डेटा कमी सममितीत पुन्हा मांडायचा असतो. कधी स्फटिक हव्या त्या प्रथिनाचा नसून ई. कोलायच्याच एखाद्या भेसळीचा निघतो. तिथे कुठले मॉडेल बदलणार? ‘पण शेवटी काहीतरी बसतेच ना?’ बसते, आणि फेज त्याच मॉडेलचे असल्याने नकाशाही त्याचीच री ओढतो.

अनुक्रमावर सगळी भिस्त ठेवणाऱ्यांनी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे काम आठवावे. तिथल्या आणि यॉर्कच्या शास्त्रज्ञांनी १९९९ साली पेनिसिलिन व्ही अॅसायलेजची रचना प्रसिद्ध केली. अनुक्रमात पेनिसिलिन जी अॅसायलेजशी नाते न दिसणारे हे प्रथिन घडीवरून त्याच कुळातले ठरले; अनुक्रमाने न सांगितलेले स्फटिकाच्या डेटाने सांगितले. म्हणून भाकीत मॉडेल टाकाऊ ठरत नाही, त्याने काम खूपच सोपे केले आहे. फक्त त्याची पाळी नंतरची. आधी स्फटिकाच्या एकक पेशीची मापे ज्ञात स्फटिकांशी ताडावीत, ट्विनिंग पाहावे, स्पेस ग्रुपचे सारे पर्याय चालवावेत. मग मॉडेलमधला सत्तरच्या खालच्या विश्वासांकाचा भाग छाटावा, बिजागरीपाशी त्याचे तुकडे करावेत. आणि जागा जुळल्याचा गुणांक, टीएफझेड, आठच्या वर गेला तरी लगेच पेढे वाटू नयेत. मॉडेलमधून मुद्दाम काढलेला भाग नकाशात आपणहून दिसेपर्यंत थांबावे.