गच्चीवरच्या ग्लासाचा हिशेब

गेल्या महिन्यात आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला मुलगी आणि जावई आम्हा दोघांना मुंबईतल्या एका उंच इमारतीच्या गच्चीवरच्या बारमध्ये घेऊन गेले. खाली दिव्यांच्या माळा, पलीकडे काळाभोर समुद्र आणि वर मोकळे आकाश. सौ.ने लिंबू-पुदिन्याचे सरबत घेतले, आम्ही तिघांनी एकेक कॉकटेल. निघताना बिल आले आणि मी ते जावयाच्या हातून मागून घेतले. बँकेत उभी हयात घालवलेल्या माणसाला आकड्यांचा कागद वाचल्याशिवाय राहवत नाही.

एका कॉकटेलचे बाराशे रुपये! ७५० मिलिलिटरची बाटली तीन हजारांची धरली, तर तिच्यात ६० मिलिलिटरचे बारा मोठे पेग निघतात. म्हणजे ग्लासातली दारू अडीचशे रुपयांची. मग उरलेले साडेनऊशे कशाचे?

हा धंदा म्हणजे निव्वळ लूट, असे मात्र मी म्हणणार नाही. जागेचे भाडे, परवान्याचे शुल्क, पोरांचे पगार हे सगळे त्या ग्लासातच आहे. शिवाय उघड्या गच्चीला मुंबईचा पावसाळा आहे. आठ महिन्यांत बारा महिन्यांची कमाई करायची, तर तो भार गिऱ्हाइकावरच येणार. आणि वारा व समुद्र यांची किंमत? ती ज्याची त्याने ठरवावी.

त्यावर सरकारचा वाटा. दारू जीएसटीबाहेर आहे, तिच्यावर राज्याचा व्हॅट लागतो. परमिट रूममधल्या दारूवरचा हा कर नोव्हेंबर २०२३ पासून पाचाचा दहा टक्के झाला. तो द्यावाच लागतो. पण बिलाच्या तळाशी दहा टक्के ‘सर्व्हिस चार्ज’ होता, सहाशे रुपयांचा. तो आपोआप लावू नये, अशी सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच दिली आहे आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. मी तसे शांतपणे सांगितले. सहाशे रुपये मुकाट्याने कमी झाले. वाढणाऱ्या मुलाच्या हातात मी माझ्या खुशीने बक्षिसी ठेवली.

पण माझ्या मते खरा हिशेब बिलात नसतोच. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिलमध्ये गच्चीवरच्या पबला आग लागली आणि १४ माणसे गेली. त्यांत वाढदिवस साजरा करायला आलेली एक तरुण मुलगीही होती. जीव वाचवायला अनेकजण स्वच्छतागृहात शिरले आणि तिथेच गुदमरले. गच्चीवरच्या उपाहारगृहांना वाट मोकळी करून देणारे धोरण महापालिकेने त्याच वर्षी मंजूर केले होते. नियम होते, माणसे मात्र वाचली नाहीत.

म्हणूनच त्या संध्याकाळी खुर्चीत टेकण्याआधी मी वाढणाऱ्या मुलाला विचारले होते, “बाळ, दुसरा जिना कुठे आहे?” जावई संकोचला. “बाबा, तुम्ही पण ना!” असे मुलगी म्हणाली. मुलाने कोपऱ्यातले दार दाखवले. दारासमोर जादा खुर्च्यांची उतरंड रचलेली होती. तो ओशाळला. “साहेब, असं कोणी विचारत नाही,” म्हणाला.

मग एवढा खर्च सार्थकी लागतो का? पगाराच्या शिलकीतून, वर्षातून एखाद्या सणासारखा केला तर जरूर लागतो. क्रेडिट कार्डावर थकवून, दर शनिवारी, फोटोसाठी केला तर नाही. दरमहा तीन टक्क्यांच्या आसपास व्याज भरून कोणतेच आकाश स्वस्त पडत नाही. आणि दाराशी खुर्च्या रचलेल्या असतील, तर फुकट पाजली तरी ती गच्ची महागच. उंचीचे पैसे घेणाऱ्याने उतरण्याची वाटही त्याच पैशात द्यायला हवी. आपण मेनूकार्डावरचे भाव विचारतो, तितक्याच सहजपणे ही वाट विचारायला शिकलो, तर मालकांनाही ती मोकळी ठेवायची सवय लागेल.

त्या मुलाने आणखी एकाला हाक मारली आणि दोघांनी मिळून सगळ्या खुर्च्या हलवल्या. दार उघडून दाखवले. खाली जिन्यात दिवा होता. मग आम्ही बसलो. सौ. म्हणाली, “आता समुद्र बघा.”