तांबड्या रश्श्यासोबत पोर्तुगालची वाईन

आंबोली उतरून गोव्याला जाणारे कितीतरी कोल्हापूरकर परतताना गोड, लाल ‘पोर्ट’ची बाटली आणतात आणि पोर्तुगालची वाईन ती हीच, असं धरून चालतात. अस्सल पोर्ट डोरो नदीच्या खोऱ्यातली. त्या खोऱ्याची हद्द १७५६ सालीच आखली गेली. पण तीही द्राक्षांपासूनचं कडक मद्य घालून केलेली, सहसा जेवणानंतर घोट-घोट घ्यायची. ताटासोबतची वाईन वेगळी, आणि ती चाखायलाच हवी. माझी पहिली शिफारस वायव्येच्या मिन्हो भागातली ‘विन्यू व्हेर्द’. फिकट, आंबटसर, जिभेवर किंचित चुरचुरणारी. अल्कोहोल बहुधा ९ ते ११ टक्के. तांबड्या रश्श्यापुढे हाच गुण कामी येतो. जास्त अल्कोहोल आणि लाल वाईनचा तुरटपणा मिरचीची आग भडकवतात. थंडगार आंबटपणा तोंडाला उसंत देतो. म्हणून बाटली चांगली गार करा, रश्श्याची वाटी पुढे आली की मगच ओता. ही वाईन वर्षानुवर्षं जपून ठेवायची नव्हे, ताजीच संपवायची. लेबलवर ‘अल्व्हारिन्यू’ हे द्राक्षाचं नाव दिसलं तर चार पैसे जास्त गेले तरी घ्याच, ती जास्त भरीव असते. पांढऱ्या रश्श्यालाही मी हीच देईन. लालच हवी असेल तर सुक्क्या मटणाबरोबर दक्षिणेकडच्या आलेंतेझूची घ्या: मऊ, पिकल्या फळांच्या चवीची. तीही पिण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. आपल्याकडच्या एप्रिलमध्ये खोलीच्या तापमानाची लाल वाईन नुसती जळजळते.