म्हाताऱ्या ताऱ्यांची वाफ

सूर्यासारखा तारा म्हातारा झाला की फुगतो आणि आपले बाहेरचे थर अवकाशात सोडू लागतो. त्या वायूत पाण्याची वाफ असते. ताऱ्याच्या उष्णतेने आणि आपसांतील टकरींनी तिचे रेणू उत्तेजित होतात. मग १.३५ सेंटिमीटर लांबीची क्षीण सूक्ष्मलहर त्यांच्यामधून गेली, की एकामागून एक रेणू नेमकी तशीच लहर सोडतात आणि ती कितीतरी पटींनी प्रबळ होते. हा निसर्गाचा मेसर. लेसरचा थोरला भाऊ.

या लहरींतून ताऱ्याची तपासणी करता येते. डॉपलर सोनोग्राफीत गर्भाच्या रक्तप्रवाहाचा वेग मोजतात, त्याच तत्त्वावर इथे वायूचा वेग कळतो. अंतरही कळते. बृहल्लुब्धक तारकासमूहातील व्हीवाय कॅनिस मेजॉरिस हा विराट तारा सुमारे ५,००० प्रकाशवर्षे दूर मानला जाई. जपानच्या 'व्हेरा' रेडिओ दुर्बिणींनी त्याच्या पाण्याच्या मेसरचे ठिपके महिनोन् महिने पाहिले आणि २००८ साली अंतर निघाले सुमारे ३,७०० प्रकाशवर्षे. साहजिकच त्याच्या तेजाचा अंदाजही खाली आला. चाचणी सुधारली, निदान बदलले.

औषधांसाठी रांगा लागत असताना ताऱ्यांवर पैसा कशाला, असे रुग्णाचे नातेवाईक विचारतात. सरकारी रुग्णालयात हा प्रश्न मला उर्मट वाटत नाही. पण त्याचे एक उत्तर आमच्याच नेत्रविभागात आहे. कोलंबिया विद्यापीठात चार्ल्स टाउन्स मेसरवर काम करत होते, तेव्हा रबी आणि कुश या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी त्यांना 'पैसा वाया जातोय, थांबवा' असे सुनावले होते. टाउन्स थांबले नाहीत. १९५४ साली मेसर चालला, १९६० साली लेसर आला आणि आज त्याच लेसरने मधुमेहींच्या दृष्टिपटलावर उपचार होतात. अवकाशातील पाण्याचा मेसरही १९६९ साली प्रथम टिपला तो टाउन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच.

ताऱ्यांच्या वाफेतून उद्या औषध निघेल, असे मी म्हणणार नाही. मात्र संशोधनाच्या प्रत्येक अर्जावर 'तात्काळ उपयोग' हा रकाना सक्तीचा केला, तर पुढचा टाउन्स दारातूनच परत जाईल. औषधांचा निधी वाढलाच पाहिजे. तो मूलभूत विज्ञानाच्या तुटपुंज्या वाट्यातून काढू नये, एवढेच.