गाळाचा हिशेब



गाळ म्हटलं की पांढरपेशे नाक दाबतात. पण तळ्याच्या बुडाशी बसलेला हा काळा गाळच त्यांच्या गाड्यांचं पाप थोडंफार पोटात घेतोय.

मी गोदीत बोजे उचलणारा, मॅट्रिक पास. मला उमगलं ते सरळ सांगतो. झाडांचा पाला, शेवाळ, माती तळ्यात येते, तळाशी बसते. तिथं प्राणवायू पोचत नाही, म्हणून ती धड कुजत नाही. पानांनी हवेतून ओढलेला कार्बन तिच्यासंगं शेकडो, हजारो वर्षं गाडला जातो. शास्त्रज्ञांच्या अंदाजानं जगातली तळी आणि धरणं मिळून दरसाल जेवढा सेंद्रिय कार्बन पुरतात, तेवढा समुद्राचा अफाट तळही पुरत नाही.

आता आपल्या स्वारगेटला या. हाकेच्या अंतरावर सारसबाग. तिथल्या गणपतीला अजून ‘तळ्यातला’ म्हणतात. तळं कुठाय? आटवलं, बाग केली. तळं आटलं की गाळाला हवा लागते आणि गाडलेला कार्बन पुन्हा वर येतो.

कात्रजची पेशवाईतली तळी अजून हायेत. पण तळ्यात सांडपाणी सोडलं की शेवाळ माजतं, बुडातून मिथेन सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 27 पट तापवतो. तिजोरीचीच भट्टी होते! वर डोंगर फोडून आलेल्या मातीनं तळं भरलं, तर पावसाला जागा उरत नाही.

आणि मग पाणी कुणाच्या घरात शिरतं? कात्रजकडून येणारा आंबिल ओढा 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री फुगला. टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसं मेली. जून 2021 मध्ये, ऐन पावसाळ्यात, ओढ्याकाठच्या झोपड्यांवर बुलडोझर आला. ज्यांच्या दारात गाडी नाही, त्यांनीच धुराचं मोल भरायचं, हा कुठला न्याय?

म्हणून आमचं म्हणणं साफ आहे. तळी राखा, सांडपाणी शुद्ध करूनच सोडा, डोंगर फोडणाऱ्यांना आवरा. पण तळं वाचवायच्या नावाखाली गरिबाला उठवू नका. आणि गाळाच्या जिवावर कारखान्याला धूर ओकायचा परवाना देऊ नका. गाळ शतकांनी साठतो, चिमणी एका पाळीत ओकते. हा सौदा खोटा आहे.

20 मार्च 1927 ला महाडात बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. तळं सगळ्यांचं, हे तेव्हाच ठरलं. त्याचा तळही सगळ्यांचाच.